चाकं गाडीची, जमीन दुसऱ्याची: पोर्टलँडच्या ऑल्डर स्ट्रीटचं प्रकरण

जून 2019 संपता संपता अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँड शहरात, ऐन डाउनटाउनमध्ये, एका प्लॉटच्या कडेने उभ्या असलेल्या पन्नासहून अधिक खाण्याच्या गाड्यांना जागा सोडावी लागली. एका बाजूला ऑल्डर स्ट्रीट, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन स्ट्रीट, आणि नववा व दहावा अ‍ॅव्हेन्यू यांच्यामधला हा ब्लॉक. गाड्यांसाठी नाव घेतल्या जाणाऱ्या या शहरातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रसिद्ध अड्डा होता. शहराच्या पर्यटन जाहिरातींत त्याचे फोटो असायचे, बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला तिथे नेलं जायचं. त्या जागी 35 मजली टॉवर उभा राहणार होता.

ही गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितली जाते: बिल्डर आला आणि गाड्या उठल्या. ते खरं आहे, पण त्यात अर्धीच हकिगत आहे. ज्या कारणामुळे या गाड्या तिथे आल्या, बहरल्या आणि नावारूपाला आल्या, त्याच कारणामुळे त्या गेल्या. म्हणूनच शहरांत खाण्याच्या गाड्या याव्यात, टिकाव्यात असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट पाहायला हवं असं मला वाटतं.

पार्किंगच्या कडेला उभा राहिलेला बाजार

फूड ट्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंजिनवाली, आज इथे तर उद्या तिथे जाणारी गाडी येते. पोर्टलँडमध्ये तसं नाही. तिथली गाडी बहुतेक वेळा ट्रेलर असते. ती एकदा ओढून आणून जागेवर लावली की वर्षानुवर्षं तिथेच राहते. पुढे लाकडी फळी येते, वर पत्रा किंवा ताडपत्री येते, कुंड्या येतात. अशा पाच-पन्नास गाड्या एकत्र आल्या की त्या जागेला तिथले लोक ‘पॉड’ म्हणतात.

पोर्टलँडच्या डाउनटाउनमधले ब्लॉक छोटे आहेत, साधारण 200 फूट बाय 200 फूट. म्हणजे पायी चालणाऱ्याला दर मिनिटाभराने नवा कोपरा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अनेक शहरांसारख्या इथल्याही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागी मोटारी लागल्या. पार्किंगचा प्लॉट ही जमीनमालकाच्या दृष्टीने थांबण्याची सोय असते. जमिनीचा भाव चढेपर्यंत, बँकेचं कर्ज जुळेपर्यंत तेवढंच भाडं सुटतं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फूटपाथला लागून असलेली मोटारींची रांग गाडीवाल्यांना भाड्याने देता येते. मधल्या जागेत मोटारी लागायच्या त्या लागतातच, आणि कडेला गाड्या. गाडीची खिडकी फूटपाथकडे, पाठ मोटारींकडे. बारकावा असा की गाडी खासगी जमिनीवर उभी असते आणि गिऱ्हाईक सार्वजनिक फूटपाथवर. त्यामुळे नगरपालिकेकडे जागा मागायची गरज नाही, रस्ता अडवल्याचा दंड नाही, कुणाच्या मेहेरबानीवर राहणं नाही. मालकाला भाडं मिळतं, गाडीवाल्याला ठरलेला पत्ता मिळतो.

शहराच्या नियमांनीही वाट मोकळी ठेवली होती. गाडी 16 फुटांच्या आत असेल, चाकं चालती असतील आणि ती ओढून नेता येत असेल, तर तिला वाहन मानलं जातं. इमारतीचे नियम तिला लागत नाहीत. बांधकामाचा परवाना, आर्किटेक्ट, अग्निशमनाचे भलेमोठे आराखडे हे सगळं वगळून माणूस सरळ स्वयंपाकाला लागू शकतो. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र ढिलाई नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं, तपासणी होते, हात धुण्याचं वेगळं बेसिन लागतं, आणि सांडपाण्याची टाकी ताज्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी असावी लागते. मला या रचनेतलं शहाणपण फार आवडतं. कडकपणा जिथे हवा, म्हणजे अन्नात, तिथे तो आहे. जिथे नको तिथे नाही.

2008 ची मंदी आली आणि या सगळ्याला वेग आला. बांधकामांना कर्ज मिळेना, म्हणून प्लॉट प्लॉटच राहिले. रेस्टॉरंटं बंद पडली किंवा माणसं कमी करू लागली, म्हणून चांगले हात रिकामे झाले. खिशात पैसे कमी असलेल्या लोकांना स्वस्त आणि चांगलं जेवण हवं होतं. त्यात ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, पाटीवर जी किंमत तीच द्यायची. पुढच्या काही वर्षांत पोर्टलँड परिसरातल्या गाड्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. 2008 मध्येच पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी या गाड्यांचा अभ्यास केला होता. गाड्यांमुळे रस्ते जागते राहतात आणि स्थलांतरितांना धंद्याची पहिली पायरी मिळते, हे त्यात स्पष्ट दिसलं.

याच काळात बाकीच्या शहरांत काय चाललं होतं, ते पाहिलं की पोर्टलँडचं वेगळेपण कळतं. लॉस एंजेलिस काउंटीने 2008 मध्ये टाकोच्या ट्रकांना एका जागी तासाभरापेक्षा जास्त थांबायला बंदी घातली. मोडणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. लोक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तो नियम रद्द झाला. वर्षाच्या शेवटी तिथेच रॉय चोई आणि त्यांच्या भागीदारांनी ‘कोगी’ हा ट्रक सुरू केला. कोरियन पद्धतीचं मांस मेक्सिकन टॉर्टियात घालून ते विकत, आणि आज कुठे थांबणार ते ट्विटरवर सांगत. शिकागोने तर रेस्टॉरंटच्या 200 फुटांच्या आत ट्रक उभा करायला मनाई केली आणि प्रत्येक ट्रकवर जीपीएस यंत्र सक्तीचं केलं. मे 2019 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. त्या शहरांतलं भांडण रस्त्यावरून होतं. पोर्टलँडच्या गाड्या रस्त्यावर नव्हत्याच, म्हणून तिथे हे भांडण फारसं पेटलं नाही. तिथला प्रश्न जमिनीत होता आणि तो बराच काळ कुणाला दिसला नाही.

एका खिडकीमागे

ऑल्डर स्ट्रीटच्या या ब्लॉकभोवती एक फेरी मारायची म्हणजे दहा मिनिटांत आठ-दहा देशांतून जाणं होतं. इजिप्त, इराक, लेबनॉनकडचे फलाफल आणि शवर्मा, जर्मन ब्राटवुर्स्ट, स्कॉटिश माणसाने तळलेले मासे आणि चिप्स, कोरियन, थाई, मेक्सिकन. आपल्याकडच्या शाकाहारी पाहुण्यांना ‘होल बोल’ ही गाडी सोयीची होती: ब्राउन राइस, काळा आणि लाल राजमा, वर अव्होकाडो, साल्सा, चीज आणि लिंबू-लसणाच्या चवीचं सॉस. एकच पदार्थ, फक्त लहान की मोठा एवढंच विचारायचे.

एकच पदार्थ विकणं ही या गाड्यांची खरी ताकद. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे नोंग पूनसुक्वट्टाना. त्या बँकॉकहून 2003 मध्ये पोर्टलँडला आल्या तेव्हा दोन बॅगा आणि 70 डॉलर एवढंच जवळ होतं. रेस्टॉरंटांतून कामं केली आणि 2009 मध्ये दहाव्या अ‍ॅव्हेन्यू आणि ऑल्डरच्या कोपऱ्यावर गाडी टाकली. पाटीवर एकच नाव: खाओ मन गाई, म्हणजे कोंबडी आणि भात.

ऐकायला साधं, पण पाहिलं की कळतं. अख्खी कोंबडी मंद आचेवर शिजवायची. तिच्याच पाण्यात, आलं-लसणासह, भात शिजवायचा, त्यामुळे कोंबडी दिसली नाही तरी तिची चव प्रत्येक शितात उतरते. कोंबडीचे काप भातावर, कडेला काकडी आणि कोथिंबीर. आणि मग ते सॉस: आंबवलेलं सोयाबीन, आलं, लसूण, थाई मिरची, व्हिनेगर, साखर. सगळी मदार त्याच्यावर. पांढऱ्या कागदात घट्ट पुडी बांधून वर रबर बँड, सोबत सूपचा छोटा कप. दुपारी माल संपला की खिडकी बंद. उरलं सुरलं उद्यावर ढकलायचं नाही, कारण उरतच नाही.

पुढे नोंग यांनी दुकानं काढली आणि सॉस बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं: एकाच पदार्थावर रेस्टॉरंट काढतो म्हटलं असतं तर तिला कर्ज कुणी दिलं असतं? फर्निचर, वेटर, लांबलचक मेन्यू, दरमहा तगडं भाडं, हे सगळं पेलायचं म्हणजे चार लोकांना आवडेल असं काहीतरी सगळ्यांसारखं विकावं लागतं. गाडीने तिला हट्ट धरायची मोकळीक दिली. आपल्याकडे एखाद्या गाडीवर नुसती मिसळ किंवा नुसती भजी पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्यामागेही हेच गणित आहे.

थोडं पुढे ‘बिंग मी’ची गाडी. तिथे चीनमधला जियानबिंग मिळायचा. गोल गरम तव्यावर पातळ पीठ ओतायचं, लाकडी फिरकीने घावनासारखं पसरायचं, वर अंडं फोडून तेही पसरायचं, कांद्याची पात, कोथिंबीर, सॉस, आणि मध्ये कुरकुरीत तळलेली पापडी घालून घडी मारायची. गिऱ्हाईक खिडकीशी उभं राहून हे सगळं पाहत असतं. रेस्टॉरंटात स्वयंपाकघर भिंतीआड असतं. इथे करणारा आणि खाणारा यांच्यात हातभराचं अंतर, त्यामुळे विचारपूस होते, ‘मिरची जास्त घाल’ होतं, ओळख होते.

सूचना 2015 मध्येच मिळाली होती

हा प्लॉट आणि आसपासचे अनेक पार्किंगचे प्लॉट गुडमन कुटुंबाच्या कंपनीचे. त्यांना खलनायक करण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं त्यांनीच गाड्यांना जागा दिली होती. पण जमीन त्यांची होती आणि ती कायम पार्किंग राहावी असं त्यांनी कधीच ठरवलं नव्हतं. 2015 मध्ये त्यांनी ‘अँकेनी ब्लॉक्स’ नावाची योजना उघडपणे मांडली: डाउनटाउनमधले अकरा ब्लॉक टप्प्याटप्प्याने बांधकामासाठी खुले करायचे. ऑल्डरचा ब्लॉक त्यातच होता.

म्हणजे 2015 ते 2019 अशी चार वर्षं हातात होती. या चार वर्षांत गाड्यांची पर्यायी जागा तयार व्हायला हवी होती, आणि या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. शहराने गाड्यांचं कौतुक केलं, पाहुण्यांना दाखवल्या, पण त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या तिच्यावर आपला काहीच हक्क नाही याचा विचार अगदी शेवटच्या महिन्यांत सुरू झाला. मंदी ओसरली, कर्ज पुन्हा मिळू लागलं, भाव चढले, आणि प्लॉटची वाट पाहण्याची मुदत संपली. जून 2019 ची तारीख आली तेव्हा गाड्या कुठे न्यायच्या हेच ठरलं नव्हतं. काही गाड्या दुसऱ्या पॉडमध्ये गेल्या. काही पुढची जागा मिळेपर्यंत नुसत्या उभ्या करून ठेवाव्या लागल्या. काहींनी धंदा बंद केला.

गाडी म्हणजे चाकं, मग हलवायला अडचण काय, असं वाटू शकतं. पण वर्षानुवर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर बसलेले असतात, पुढचे ओटे आणि छपरं काढावी लागतात, गॅस-विजेच्या जोडण्या सोडवाव्या लागतात, ओढणारा ट्रक भाड्याने घ्यावा लागतो. नव्या जागी वीज कुठून येणार हा वेगळाच प्रश्न. आणि इतके दिवस विक्री शून्य. रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्या माणसाला हा फटका साधा नसतो.

त्याहून मोठं नुकसान दिसत नाही असं आहे. पन्नास गाड्या एकत्र असतात तेव्हा त्या एकमेकींची गिऱ्हाइकं ओढतात. ऑफिसातल्या पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी खायच्या असतील तरी ते एकत्र येऊ शकतात. नवी, अनोळखी गाडी जुन्या गाडीच्या रांगेमुळे कुणाच्या तरी नजरेला पडते. त्याच पन्नास गाड्या दहा ठिकाणी पाच-पाच अशा विखुरल्या की संख्या तीच राहते, पण बाजार राहत नाही.

शहराने आणि काही नागरी संस्थांनी पुढे जवळच, नॉर्थ पार्क ब्लॉक्सच्या टोकाला, अँकेनी वेस्ट या सार्वजनिक जागेत गाड्या आणायचं ठरवलं. मधे महामारी आली, डाउनटाउनची ऑफिसं ओस पडली, दुपारचं जेवायला येणारी गर्दीच नाहीशी झाली. अखेर जुलै 2021 मध्ये ‘कार्ट ब्लॉक्स’ सुरू झालं. पाऊल योग्य होतं, कारण इथे पॉडसाठी सार्वजनिक जमीन वापरली गेली. पण दोन वर्षं गेली होती आणि जागा पूर्वीपेक्षा लहान होती.

हे जमण्यासारखं नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण याच शहराने ते एकदा करून दाखवलं आहे. ऑल्डरच्या ब्लॉकपासून चार पावलांवर पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर आहे. तिथे एके काळी पोर्टलँड हॉटेल होतं. 1951 मध्ये ते पाडून पार्किंग केलं गेलं. पुढे तिथे मोठं पार्किंग गॅरेज बांधायचा प्रस्ताव आला, लोकांनी विरोध केला, शहराने ती जागा घेतली, आणि 1984 मध्ये तिथे चौक उभा राहिला. नागरिकांनी पैसे देऊन आपली नावं कोरलेल्या विटा विकत घेतल्या, त्या आजही पायाखाली दिसतात. आज पोर्टलँडचे लोक त्या चौकाला शहराचा दिवाणखाना म्हणतात. पार्किंगचा प्लॉट लोकांसाठी राखायचा तर काय करावं लागतं याचा धडा अगदी शेजारी होता.

नंतर

टॉवरमधलं रिट्झ-कार्लटन हॉटेल 2023 च्या ऑक्टोबरअखेर उघडलं. 251 खोल्या, वर आलिशान सदनिका, खाली ऑफिसं, आणि तळमजल्यावर फूड हॉलची जागा. सदनिका मोठ्या प्रमाणावर विकल्याच गेल्या नाहीत आणि 2025 मध्ये ही मालमत्ता कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. याचा आनंद मानण्यासारखं काहीही नाही, पडत्या डाउनटाउनचं आणखी एक नुकसान आहे ते. पण ‘जमिनीचा जास्तीत जास्त चांगला वापर’ हे शब्द बैठकांमध्ये फार सहज वापरले जातात. रोज दुपारी शेकडो लोकांना जेवू घालणाऱ्या आणि पन्नास कुटुंबं चालवणाऱ्या ब्लॉकची किंमत त्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरली होती, हे विचारायला हवं.

आपल्याकडचा 2014 चा पथविक्रेता कायदा या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना आहे: विकणारे आणि घेणारे परंपरेने जिथे जमतात अशी जागा. विक्रेत्यांना हटवणं शक्यतो टाळावं, हटवायचंच तर 30 दिवसांची नोटीस द्यावी, आणि पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानून हलवू नये, असं तो सांगतो. मुंबई-पुण्यात त्याची अंमलबजावणी किती रखडली हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तरीही कायद्याने निदान हे ओळखलं आहे की बाजार ही जागेवर रुजणारी गोष्ट आहे. पोर्टलँडमध्ये ऑल्डरच्या गाड्यांना असं कुठलंच कवच नव्हतं. त्या खासगी जमिनीवरच्या भाडेकरू होत्या, आणि मुदत संपली की भाडेकरूचा हक्क संपतो.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आपल्या गाडीवाल्याकडे कायद्याचं कवच आहे, पण रोजची शाश्वती नाही. ऑल्डरच्या गाडीवाल्याला रोज सकाळी आपली गाडी जागेवर असेल याची खात्री होती, अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन शेगडी उचलून नेईल अशी भीती नव्हती. या निश्चिंतीमुळेच तो आठ तास सूप उकळू शकत होता. दोन्ही एकत्र मिळाल्याशिवाय, म्हणजे रोजची निश्चिंती आणि जमिनीवरचा दीर्घ मुदतीचा हक्क, हा धंदा पिढीभर टिकत नाही.

पोर्टलँडच्या गाड्या संपलेल्या नाहीत. त्या नदीच्या पूर्वेकडे सरकल्या. हॉथॉर्न बुलेवार्डवरचं ‘कार्टोपिया’, 82 व्या अ‍ॅव्हेन्यूवरचं ‘कार्टलँडिया’, 2019 मध्येच सुरू झालेलं ‘हॉथॉर्न असायलम’ ही सगळी वेगळ्या पद्धतीची पॉड आहेत. तिथे गाड्यांची तोंडं फूटपाथकडे नसून आतल्या अंगणाकडे असतात. मध्ये टेबलं, पोर्टलँडच्या पावसापासून वाचवणारं छप्पर, थंडीत शेकोटी, शेजारी बिअरची खिडकी. दुपारच्या घाईच्या जेवणाऐवजी संध्याकाळी पोराबाळांसह येऊन बसायची जागा. हिल्सबरो-बीव्हरटनकडे आयटीत काम करणारी बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांच्याकडे कुणी गेलं तर ‘मॅक्स’ या शहरी रेल्वेच्या ब्लू लाइनने डाउनटाउनला येऊन, तिथून बसने या पॉडना जाता येतं. एकाच गाडीवर पोट भरू नका, तिघा-चौघांत वाटून चार गाड्यांवरचं खा. मासे-मांस खात नसाल तर थाई गाडीवर भाजीच्या पदार्थातही फिश सॉस असतं, ते आधी विचारून घ्या.

या नव्या पॉडमध्ये मालकांनी वीज, पाणी, ड्रेनेज, छप्पर यांवर पैसा घातला आहे. त्यामुळे ते ऑल्डरच्या मालकांसारखे उद्याच्या बिल्डरची वाट पाहत बसलेले नाहीत, पॉड हाच त्यांचा धंदा आहे. हे चांगलं आहे. पण घातलेला पैसा भाड्यातूनच वसूल होणार, आणि भाडं जितकं चढेल तितकी 70 डॉलर घेऊन शहरात आलेल्या माणसाला गाडी लावणं अवघड होत जाणार. कार्ट ब्लॉक्ससारख्या सार्वजनिक जागांवरच्या काही खिडक्या पहिल्यांदाच धंदा करणाऱ्यांसाठी कमी भाड्याने राखून ठेवायला हव्यात. तसं करण्यात शहराला नवा कायदा करावा लागत नाही, जागा त्याचीच आहे.